बर्फ टिकवणारा व्यापारी : फ्रेडरिक ट्यूडर

मुंबई बंदरात १८३४ साली अमेरिकेहून बर्फ आला, तेव्हा बहुसंख्य मुंबईकरांच्या दृष्टीने तो अपूर्व पदार्थ होता. जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीने तो मागवला होता. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि पाहुण्यांसह यजमानांनाही सर्दी झाली, अशी आठवण मुंबईच्या इतिहासात सांगितली जाते. उकाड्याने हैराण होणाऱ्या या शहरात गारवा पोहोचण्यामागे बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याची जवळपास तीन दशकांची खटपट होती. पाणी गोठवणारे यंत्र त्याच्यापाशी नव्हते. थंडीत तळ्यांवर आपोआप साचणारा बर्फ टिकवायचा कसा, या एका प्रश्नावर त्याने आयुष्य वेचले.

ट्यूडरचा जन्म ४ सप्टेंबर १७८३ रोजी बोस्टनमधील एका सधन वकिलाच्या घरी झाला. भाऊ हार्वर्डमध्ये शिकले. फ्रेडरिकने मात्र लहान वयातच शिक्षण सोडून व्यापाराची वाट धरली. हिवाळ्यात तळ्यातील बर्फ कापून साठवायचा आणि उन्हाळ्यात वापरायचा, ही त्या भागातील सुखवस्तू घरांची जुनी रीत होती. हाच बर्फ उष्ण प्रदेशांत नेऊन विकण्याची कल्पना त्याने उचलली, तेव्हा बोस्टनकरांनी त्याला वेड्यात काढले. असा माल न्यायला कोणी जहाजमालक तयार होईना. अखेर त्याने स्वतःच ‘फेव्हरिट’ नावाचे जहाज विकत घेतले आणि फेब्रुवारी १८०६ मध्ये ते कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटाकडे रवाना केले.

प्रवासात वाचलेला बर्फ बेटावर उतरवायला कोठारच नव्हते. विक्री थेट जहाजावरून करावी लागली. ग्राहकांनाही हा पदार्थ नवा होता. कोणी तो उघड्यावर ठेवला, कोणी पाण्यात बुडवला आणि वितळल्यावर तक्रार केली. त्या सफरीत ट्यूडरला सुमारे साडेचार हजार डॉलरचा तोटा झाला. मात्र विक्रीच्या ठिकाणी माल ठेवण्याची सोय नसेल, तर जहाजभर बर्फ आणूनही उपयोग नाही, हे त्याला उमगले.

पुढील काही वर्षे हलाखीची गेली. १८१२ आणि १८१३ मध्ये कर्जापायी तुरुंगवासही घडला. तरीही त्याने हा धंदा सोडला नाही. कर्ज काढूनच तो क्युबातील हवानाला गेला आणि तेथे त्याने बर्फघर उभारले. त्याच्या भिंती दुहेरी होत्या आणि मधल्या पोकळीत उष्णता अडवणारे पदार्थ भरलेले होते. बर्फ किती वेगाने वितळतो, हे तो स्वतः मोजून पाही, दार किती वेळ उघडे राहते यावर लक्ष ठेवी. पेंढा, लाकडाचा भुगा अशा निरनिराळ्या पदार्थांची त्याने पारख केली. त्यात लाकडाचा भुसा सरस ठरला. न्यू इंग्लंडमधील लाकूड गिरण्यांना हा भुसा म्हणजे डोकेदुखी होती. ट्यूडरला तो जवळजवळ फुकटात मिळाला. कोठारात वितळून वाया जाणारा बर्फ पूर्वी ६६ टक्क्यांपर्यंत असे. सुधारित बर्फघरांत हे प्रमाण ८ टक्क्यांहून खाली आले. धंद्यातील नफा-तोटा या फरकावर ठरला.

गिऱ्हाईक घडवण्याची त्याची रीतही वेगळी होती. मद्यगृहांच्या मालकांना तो सुरुवातीला फुकट बर्फ देई आणि थंड पेय नेहमीच्याच दरात विकायला सांगे. एकदा गारव्याची चटक लागली की मागणी आपोआप वाढे. १८२५ मध्ये नॅथॅनियल वायथ या त्याच्या सहकाऱ्याने घोड्याने ओढायचे बर्फ कापण्याचे अवजार तयार केले. त्यामुळे सारख्या मापाच्या लाद्या झपाट्याने निघू लागल्या. त्या एकमेकींना चिकटून बसत, मध्ये हवा कमी राही आणि बर्फ अधिक टिके.

मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघाले. सुएझ कालवा तेव्हा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार महिन्यांनी जहाज पोहोचले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. पुढच्या वर्षी मुंबईची पाळी आली. मद्रासमध्ये १८४२ च्या सुमारास उभे राहिलेले बर्फघर आज विवेकानंद हाऊस म्हणून ओळखले जाते. मुंबईत फोर्टमधील सेंट अँड्र्यूज चर्चशेजारी १८४३ मध्ये वर्गणीतून बर्फघर बांधले गेले. ही वास्तू आज उरलेली नाही.

कॉफीच्या सट्ट्यात ट्यूडरवर दोन लाख डॉलरहून अधिक कर्ज झाले होते. ते फेडण्यास भारतातील व्यापाराचा मोठा हातभार लागला. ६ फेब्रुवारी १८६४ रोजी तो मरण पावला, तेव्हा त्याची गणना बोस्टनच्या श्रीमंतांत होत होती. १८७० च्या दशकात भारतात यंत्राने बर्फ तयार होऊ लागला आणि जहाजांनी येणाऱ्या बर्फाचा काळ सरला.

यंत्रे बदलली, तरी गणित तेच राहिले. मीरा-भाईंदरमधील चेणे येथे घोडबंदर रस्त्यालगत उपाहारगृह चालवणारा व्यावसायिक दूध, मासळी, शीतपेयांसाठी फ्रिज निवडतो, तेव्हा त्याच्यापुढे ट्यूडरचेच प्रश्न असतात. भिंतींतील उष्णतारोधक थर किती जाड आहे? दाराचे रबर घट्ट बसते का? गर्दीच्या वेळी दार वारंवार उघडल्यावर आतील तापमान किती लवकर पूर्ववत होते? रोजच्या मालापेक्षा कपाट अवाजवी मोठे तर नाही? फरक एवढाच, की ट्यूडरचा तोटा पाणी होऊन डोळ्यांदेखत वाहून जाई. आजचा तोटा महिनाअखेर विजेच्या बिलात उमटतो. म्हणून खरेदीच्या वेळी किमतीइतकीच वीजवापराच्या आकड्याचीही चौकशी केलेली बरी.