अडकलेला सुळा आणि दातांच्या तारांचे जनक एडवर्ड अँगल

वरचा सुळा साधारण 11-12 व्या वर्षी येतो. कधी तो जबड्यातच अडकतो. मूल भोर-वेल्ह्याचं असो की न्यूयॉर्कचं, उपाय एकच: हिरडी उघडून सुळ्यावर बारीक बटण चिकटवायचं आणि ब्रेसेसच्या तारेने त्याला हळूहळू जागेवर ओढायचं.

या तारांमागे आहेत एडवर्ड अँगल. जन्म 1855, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया. वाकड्यातिकड्या दातांचं त्यांनी 1899 मध्ये केलेलं वर्गीकरण आजही शिकवलं जातं. 1900 मध्ये सेंट लुईसला त्यांनी फक्त दात सरळ करण्याचं शास्त्र शिकवणारी शाळा काढली.

त्यांचा हट्ट एकच: जागेसाठी एकही दात काढायचा नाही. यावरून मोठा वाद झाला. 1930 मध्ये ते वारले. पुढे त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड गरजेप्रमाणे दात काढू लागले.

अँगल यांची चौकोनी खाचेची ब्रॅकेट मात्र टिकली. त्यांच्या काळी ती दाताभोवती धातूची पट्टी बसवून लावत. लपलेल्या सुळ्याला पट्टी बसवणं अवघड. 1955 मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करायची युक्ती दाखवली. त्यातूनच बटण थेट दातावर चिकटवता येऊ लागलं.

म्हणून सुळा दिसत नसेल, तर वेळीच एक्स-रे काढा. तो बहुधा वाचवता येतो.