वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर – ८ एप्रिल १९५३, सिद्धपूर, गुजरात) हे भारतीय उद्योगपती होते. बांधकाम, जहाजवाहतूक, जहाजबांधणी, विमाननिर्मिती, साखर आणि मोटारनिर्मिती या क्षेत्रांत त्यांनी पायाभूत कार्य केले. मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कारखान्याचे ते संस्थापक होत. पुढे घराघरांत परिचित झालेली प्रीमियर पद्मिनी ही मोटार याच कारखान्याची.

प्रारंभिक जीवन

वालचंद यांचा जन्म सोलापुरातील गुजराती दिगंबर जैन कुटुंबात झाला. वडील हिराचंद नेमचंद यांचा सावकारी व कापसाचा व्यापार होता. मुंबई व पुणे येथे त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण सुरू झाले, परंतु ते पदवीपर्यंत गेले नाही. वडिलोपार्जित व्यापारात त्यांचे मन रमेना. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेमार्ग बांधण्याची कंत्राटे घेण्यास प्रारंभ केला. बार्शी लाइट रेल्वेचे काम हे त्यांतील आरंभीचे होय. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली.

जहाजे आणि विमाने

पहिल्या महायुद्धानंतर वालचंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. तिचे लॉयल्टी हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. किनाऱ्यावरील वाहतुकीत ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून स्पर्धा केली, तरीही सिंदिया कंपनी टिकली. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. १९४२ मध्ये तिचा कारभार सरकारने आपल्याकडे घेतला. विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याचा पायाभरणी समारंभ जून १९४१ मध्ये झाला. तेथे बांधलेल्या जलउषा या जहाजाचे जलावतरण १९४८ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले.

मोटारनिर्मिती

देशात मोटारीचा कारखाना असावा, अशी योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मांडली होती. ती प्रत्यक्षात आणण्याचा भार वालचंद यांनी उचलला. त्या काळी परदेशी कंपन्या सुटे भाग आणून येथे गाड्या जोडत असत; यंत्रज्ञान मात्र देशाबाहेरच राहत असे. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी वालचंद यांनी तांत्रिक सहकार्याची बोलणी केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने या योजनेस अपेक्षित पाठबळ दिले नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर समूहाच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यानंतर इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला.

१९५३ मध्ये सरकारने असे धोरण स्वीकारले, की देशात टप्प्याटप्प्याने भाग बनविण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच मोटारव्यवसाय करता यावा. केवळ जोडणी करणाऱ्या फोर्ड व जनरल मोटर्स या कंपन्यांनी भारतातील काम आवरते घेतले. प्रीमियर टिकली. वालचंद यांच्या आग्रहाला अनुकूल असे हे धोरण आले, त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

फियाट ११०० आणि गिअरची रचना

प्रीमियरच्या फियाट ११०० या गाडीला चार पुढचे गिअर होते आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर बसविलेला होता. बोलीत यास हँड गिअर म्हणत. दांडा जमिनीवर नसल्याने पुढच्या सलग आसनावर चालकाशेजारी आणखी माणसे बसू शकत. टॅक्सीला ही सोय उपयुक्त ठरली. मात्र या रचनेत हाताची हालचाल अनेक सळ्या व सांध्यांतून गिअरपेटीपर्यंत पोहोचते. सांध्यांतील बुश झिजले की दांडा सैल होतो, त्याची फेक वाढते आणि गिअर नेमका पडत नाही.

यावर उपाय म्हणून अनेक मालकांनी बाहेरच्या गॅरेजमध्ये जमिनीवरचा, म्हणजे फ्लोअर गिअर बसवून घेतला. जगभरात अशाच हेतूने आखूड फेकीचे दांडे, म्हणजे शॉर्ट शिफ्टर, बसविले जातात. त्यांचे तत्त्व तरफेचे आहे. दांडा एका टेकूवर फिरतो. टेकूच्या वरचा भाग आखूड केला किंवा खालचा भाग लांब केला, तर गिअरपेटीतील तेवढ्याच सरकण्यासाठी हाताला कमी अंतर कापावे लागते; परंतु त्या प्रमाणात जोर अधिक लागतो. असा दांडा बसवून घाईने गिअर टाकल्यास गिअरपेटीतील सिंक्रो कड्यांवर ताण येतो. त्यामुळे झिजलेले बुश आधी बदलणे, बसविल्यावर इंजिन बंद ठेवून सर्व गिअर पूर्ण पडतात का हे पाहणे आणि मगच गाडी रस्त्यावर काढणे आवश्यक असते. बुशांच्या झिजेमुळेच सैलपणा आला असेल, तर केवळ बुश बदलूनही काम भागते.

अखेरची वर्षे

अर्धांगवायूच्या आघातामुळे वालचंद यांनी १९५० मध्ये कारभारातून निवृत्ती घेतली. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

वारसा

पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर ही उद्योगनगरी आणि सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. फियाट ११०० चे नाव १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ही गाडी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती.