आल्मन स्ट्राउजर : ऑपरेटरविना फोन जोडणारे संशोधक

अमेरिकेतील कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्राउजर (१८३९–१९०२) यांचा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय होता. तेव्हा कोणाचा फोन कोणाला जोडायचा, हे एक्स्चेंजमधील ऑपरेटरच्या हातात असे. आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवली जातात, असा त्यांना संशय होता, असे सांगितले जाते. मग त्यांनी ऑपरेटरची गरजच संपवणारे यंत्र तयार केले. फोन करणाऱ्याने पाठवलेल्या विजेच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्यातला दांडा सरके आणि हव्या त्या तारेला टेके. १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे असे पहिले सार्वजनिक एक्स्चेंज सुरू झाले. आज एका कंपनीच्या नेटवर्कवरून दुसरीकडे जाणारा कॉलही आकड्यांवरूनच वाट शोधतो.