आशेला साद घालणारा कवी

पानिपत म्हटले, की मराठी माणसाला १७६१ चा रणसंग्राम आठवतो. त्याच नगरीत १८३७ साली थोर उर्दू कवी अल्ताफ हुसेन हाली यांचा जन्म झाला. बालपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. तरीही विद्येच्या ओढीने, घरी न सांगता, ते दिल्लीस गेले.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी ती दिल्ली उद्ध्वस्त केली. घरे ओस पडली, वृद्ध बादशहा रंगूनला हद्दपार झाला. लोकांचा धीर खचला.

सर सय्यद अहमद खान यांच्या प्रेरणेने हालींनी १८७९ साली ‘मुसद्दस’ हे दीर्घकाव्य प्रसिद्ध केले. सहा-सहा ओळींच्या कडव्यांत त्यांनी मुस्लिम समाजाचे गतवैभव आणि त्याची अवनती वर्णिली. काव्य घरोघरी पोहोचले. पण त्याचा शेवट निराशेत होत होता. दुःखिताला धीरही हवा, हे हालींनी जाणले. १८८६ साली त्यांनी काव्यास पुरवणी जोडली आणि तीत निराशेला दूर सारून आशेलाच साद घातली. पडलेला समाज प्रयत्नाने पुन्हा उभा राहतो, हा विश्वास त्यांनी दिला.

१९१४ च्या अखेरच्या दिवशी पानिपत येथेच हा कवी निवर्तला.