पाहणे आणि ठरवणे यांची वजाबाकी

लातूर असो की नांदेड, चष्म्याचा नंबर काढताना भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात. असा तक्ता १८६२ साली हर्मन स्नेलेन यांनी तयार केला. त्यांचे गुरू फ्रान्सिस्कस डोंडर्स. आज मेंदूच्या तपासणीत वापरली जाणारी एक युक्ती याच नेत्रवैद्याची आहे.

डोंडर्स यांचा जन्म २७ मे १८१८ रोजी नेदरलँड्समधील टिलबर्ग येथे झाला. नऊ भावंडांतले ते शेंडेफळ. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. उट्रेख्टला वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते तिथेच प्राध्यापक झाले. १८५८ मध्ये त्यांनी नेत्ररुग्णालय काढले. चाळिशी आणि दूरदृष्टिदोष हे दोन वेगळे विकार आहेत, हे त्यांनी स्पष्ट केले.

पुढे त्यांनी विचाराला लागणारा वेळ मोजायला घेतला. पायाला विजेचा हलका झटका बसला की त्याच बाजूचा हात हलवायचा. झटका कोणत्या पायाला बसणार हे आधी माहीत नसेल, तर सुमारे १/१५ सेकंद जास्त लागे. पण या वेळात ओळखणे आणि निवडणे दोन्ही आले. म्हणून १८६८ च्या शोधनिबंधात त्यांनी तिसरा प्रयोग मांडला. अनेक ध्वनी ऐकवायचे, उत्तर मात्र ठरलेल्या एकालाच द्यायचे. इथे ओळखावे लागते, पण अनेक उत्तरांतून निवड करावी लागत नाही. वजाबाकी केली की दोन्हींचा वेळ वेगळा होतो.

२४ मार्च १८८९ रोजी डोंडर्स वारले. सुमारे शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, अमेरिकेतील संशोधकांनी हीच वजाबाकी मेंदूच्या चित्रांवर केली.

तिच्यात एक मेख आहे. उत्तर द्यायचे की गप्प बसायचे, हाही निर्णयच. शिवाय नवे काम जोडले की आधीच्या कामाची रीतही बदलू शकते. त्यात फंक्शनल एमआरआय रक्तप्रवाहातील बदल टिपतो आणि तो बदल कळसाला पोचायला काही सेकंद घेतो. पाहणे आणि ठरवणे तर सेकंदाच्या आत उरकते. म्हणून संशोधक धूसर चित्र तेच ठेवतात आणि माणसाचा कौल बदलतो तेव्हा मेंदूत काय बदलते ते पाहतात. कोणते बटण दाबायचे, हेही नंतर सांगतात, म्हणजे हाताची तयारी निर्णयात मिसळत नाही.

मेंदूतले निर्णयाचे केंद्र सापडल्याची बातमी वाचली, तर कशातून काय वजा केले, हे आधी पाहावे.