राजाबाईच्या लेकाचा हिशोब

मुंबईला गेल्यावर आपल्यापैकी अनेकींनी राजाबाई टॉवर पाहिला असेल. ओव्हल मैदानासमोर, हायकोर्टाच्या शेजारी, विद्यापीठाच्या आवारातला तो 280 फूट उंच घड्याळाचा मनोरा. पण ही राजाबाई कोण, असं विचारलं तर पटकन सांगता येत नाही. ती राणी नव्हती की सरदारीण नव्हती. ती एका शेअर दलालाची आई. लेकाचं नाव प्रेमचंद रायचंद. एकेकाळी मुंबईचा शेअर बाजार या एका माणसाच्या शब्दावर हलायचा. पैसा येतो कसा आणि जातो कसा, हे त्यांच्या आयुष्यात जितकं लख्ख दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसेल.

प्रेमचंदांचा जन्म 1831 चा, सुरतचा. वडील रायचंद दीपचंद लाकडाचा व्यापार करायचे. पुढे हे जैन कुटुंब मुंबईत आलं. मुलगा इंग्रजी शिकला आणि तरुणपणीच एका दलालाच्या हाताखाली लागला. त्या काळी इंग्रजी लिहिता-बोलता येणारा देशी दलाल म्हणजे अपूर्वाईच. साहेबांच्या बँकांत त्यांना सहज शिरकाव मिळाला. स्मरणशक्ती तर अशी, की दिवसभराचे लाखोंचे सौदे डोक्यात ठेवायचे, कागद-पेन्सिलीला हात लावायचे नाहीत, असं सांगतात.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग त्यांची नजर आपल्याकडे वळली. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाडचा कापूस मुंबई बंदरातून जाऊ लागला. भाव इतके चढले की लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला, असं सांगतात. मुंबईत पैशाचा पूर आला.

आता एवढ्या पैशाचं करायचं काय? रोज नवी बँक, रोज नवी कंपनी निघू लागली. समुद्रात भर घालून जमीन करणारी बॅक बे कंपनी सगळ्यांत गाजली. तिचा 5 हजारांचा शेअर 50 हजारांपर्यंत गेला. कारकून, वकील, व्यापारी, सगळेच शेअर घ्यायला धावले. या सगळ्याच्या मध्यभागी होते प्रेमचंद. त्यांनी चिठ्ठी दिली की बँक ऑफ बॉम्बे कर्ज द्यायची, तेही शेअर तारण ठेवून. म्हणजे बघा, कर्ज काढून शेअर घ्यायचे, ते गहाण टाकून पुन्हा कर्ज काढायचं आणि पुन्हा शेअर घ्यायचे. शिवाय वायदे होतेच. पैसे आज द्यायचे नाहीत, पुढच्या तारखेला द्यायचे.

याच भरभराटीत, 1864 मध्ये, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला 4 लाख रुपये दिले. 2 लाख ग्रंथालयासाठी आणि 2 लाख घड्याळाच्या मनोऱ्यासाठी. मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं, एवढी एक इच्छा. राजाबाईंना दिसत नव्हतं. जैन धर्माप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला हवं, ते घड्याळाच्या ठोक्यांवरून त्यांना कळावं म्हणून हा मनोरा, अशी आख्यायिका आहे. खरं-खोटं काही असो, लेकाच्या मनात आई होती एवढं नक्की.

1865 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापसाचे भाव कोसळले. वायद्यांची मोठी तारीख होती 1 जुलै 1865. त्या दिवशी पैसे द्यायचे तर कुणाकडेच नव्हते. सगळं बळ कागदी होतं. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर 2,850 रुपयांपर्यंत चढला होता, त्याला पुढे 87 रुपये मिळायची मारामार झाली. बँक बुडाली. 1868 मध्ये ती नव्याने उभी करावी लागली. (हीच नवी बँक 1921 मध्ये इम्पीरियल बँकेत गेली आणि 1955 मध्ये त्यातूनच स्टेट बँक झाली.) 1866 मध्ये खुद्द प्रेमचंदांवरही दिवाळखोरीची पाळी आली. बँकेच्या चौकशीत त्यांच्या नावाभोवती बरेच आक्षेप आले, हेही लपवण्यासारखं नाही. त्यांच्या शब्दावर विसंबलेली कितीतरी घरं उघड्यावर आली होती.

चूक नेमकी कुठे झाली?

मैत्रिणींनो, प्रेमचंदांना बाजार कळत नव्हता असं कोण म्हणेल? त्यांच्याइतका कुणालाच कळत नव्हता. पण एकाच अंदाजावर किती पैसा लावायचा, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो हुशारीने सुटत नाही. आजच्या ट्रेडिंगच्या पुस्तकांत यावर स्वतंत्र प्रकरणं असतात. इंग्रजीत त्याला पोझिशन सायझिंग म्हणतात. आपल्या भाषेत, एका सौद्याचा घास केवढा घ्यायचा. प्रेमचंदांच्या काळी असली पुस्तकं नव्हती. अलेक्झांडर एल्डर यांच्या 1993 च्या 'ट्रेडिंग फॉर अ लिव्हिंग' या पुस्तकातला 2 टक्क्यांचा नियम खूप वाचला जातो. एका सौद्यात आपल्या एकूण भांडवलाच्या 2 टक्क्यांपेक्षा जास्त तोटा होऊ द्यायचा नाही.

हे गणित घरखर्चाच्या वहीवर मांडता येईल इतकं सोपं आहे. समजा तुमच्याकडे बाजारासाठी वेगळे काढलेले 1 लाख रुपये आहेत. 2 टक्के म्हणजे 2 हजार. शेअर 200 रुपयांचा आहे आणि 180 ला आला तर विकून मोकळं व्हायचं, असं तुम्ही आधीच ठरवलंय. म्हणजे एका शेअरमागे तोटा 20 रुपये. 2 हजारांना 20 ने भागा. 100 शेअर घ्यायचे, म्हणजे 20 हजारांचे. उरलेले 80 हजार हातात. अंदाज चुकला तरी साधारण 2 हजारच जातील. भाव एकदम खाली उघडला तर थोडे जास्त जातील, पण घर बसणार नाही.

आता हे का करायचं, तेही बघा. 100 चे 90 झाले तर परत 100 व्हायला 11 टक्के वाढ लागते. 100 चे 50 झाले तर दुप्पट व्हावं लागतं. आणि 2,850 चे 87 झाल्यावर? जवळजवळ 33 पट! ज्याने 10 हजार रुपये त्या एकाच शेअरमध्ये शिखरावर घातले, त्याचे उरले 305. ज्याने हजारच घातले, त्याच्याकडे 9 हजार शिल्लक राहिले. दोघांचा अंदाज सारखाच चुकला होता. कर्ज काढून घेणाऱ्याचं तर विचारूच नका.

म्हशी आणि मोबाईल

आपल्या कोल्हापूर भागातल्या बायकांना हा हिशोब खरं तर नवा नाही. उसाचं बिल कारखान्याकडून येईल तेव्हा येईल, म्हणून दारात दोन म्हशी असतात. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, त्यात किराणा आणि पोरांची फी भागते. भिशीत आपण झेपेल तेवढाच हप्ता धरतो. गुजरीतही जमेल तसं ग्रॅम-ग्रॅम सोनं घेतो. पण याच घरातला लेक किंवा नवरा मोबाईलवर वायदे-ऑप्शनचे सौदे करायला लागला की हा हिशोब कुठे जातो कोण जाणे! सेबीने 2024 मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, 3 वर्षांत असे सौदे करणाऱ्या दर 100 जणांपैकी 93 जणांना तोटा झाल्याचं दिसलं. एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर होता.

म्हणून घरात कुणी बाजारात उतरत असेल तर नफा किती होईल, हे विचारत बसू नका. सगळं चुकलं तर किती जातील, तो आकडा वहीत लिहून मागा. तो पैसा कर्जाचा नाही ना, लेकीच्या लग्नाचा किंवा दवाखान्याचा नाही ना, एवढंही विचारा. हे विचारायला इंग्रजी यावं लागत नाही.

प्रेमचंद मात्र खचले नाहीत. त्यांनी पुन्हा दलालीचं काम धरलं, हळूहळू पत मिळवली. 1875 मध्ये मुंबईच्या दलालांची संघटना झाली, आजच्या शेअर बाजाराचं मूळ तिच्यात आहे आणि तिच्या उभारणीशी त्यांचं नाव जोडलं जातं. 1906 मध्ये ते गेले. दरम्यान 1869 मध्ये मनोऱ्याचं काम सुरू होऊन 1878 मध्ये पुरं झालं होतं. तेजीतले त्यांचे बाकीचे कागद मातीमोल झाले. विद्यापीठाला दिलेले 4 लाख तेवढे बाजारातून आधीच बाहेर निघाले होते, म्हणून ते टिकले. त्यांनी ते दान म्हणून दिले होते, हिशोब म्हणून नव्हे. आपल्याला मात्र तो हिशोब म्हणूनही शिकता येईल: बाजार चढता असतानाच थोडा पैसा बाहेर काढायचा आणि त्याला पुन्हा हात लावायचा नाही.