नागपूरच्या गिरणीचे शिल्पकार : जमशेटजी टाटा



आपल्या नांदगाव स्टेशनातून जाणारा लोहमार्ग भुसावळमार्गे नागपूरला पोहोचतो. १८६७ साली तो नागपूरपर्यंत पुरा झाला आणि पुढील दहा वर्षांत त्या टोकाला एक मोठी कापडगिरणी उभी राहिली. ती उभारणारे जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे चरित्र तुम्ही अवश्य समजून घ्यावे.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण संपवून ते वडिलांच्या पेढीत शिरले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईच्या अनेक पेढ्या बुडाल्या. टाटांच्या पेढीलाही मोठा फटका बसला. त्या वेळी जमशेटजी इंग्लंडात होते. त्यांनी काहीही न लपवता सावकारांपुढे खरी परिस्थिती मांडली आणि त्यांचा विश्वास राखला.

लँकेशायरच्या गिरण्या त्यांनी बारकाईने पाहिल्या. आपला कापूस सात समुद्रापार जातो आणि त्याचेच कापड होऊन परत येते, मग ते इथेच का विणू नये? कापूस पिकतो तिथेच गिरणी हवी, हे त्यांनी ओळखले. मुंबई सोडून त्यांनी नागपूरची दलदलीची जमीन घेतली, तेव्हा पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढले. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली.

लँकेशायर जुन्या म्यूल यंत्राला चिकटून होते. जमशेटजींनी नव्या रिंग चात्यांची स्वतः परीक्षा घेतली आणि त्या आपल्या गिरणीत बसवल्या. सूत जलद निघू लागले. युरोपातील गिरण्यांत मजुरांचे फार हाल झाले होते. इथे मात्र त्यांनी हवा खेळती ठेवण्याची सोय केली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाची योजना आणली आणि पुढे अपघाताची भरपाईही सुरू केली.

यंत्र विकत आणता येते, पण ते समजणारा माणूस घडवावा लागतो, हे त्यांनी जाणले होते. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता त्यांनी १८९२ मध्ये निधी स्थापला. तो आरंभी पारशी विद्यार्थ्यांपुरता होता, पण १८९४ पासून सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुला झाला. बंगलोरची विज्ञानसंस्था मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९०९ साली स्थापन झाली. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले.

आज एम्प्रेस मिल उरलेली नाही. त्यांनी शिक्षणावर लावलेला पैसा मात्र अजून फळ देत आहे. पालकहो, शेजारच्या मालेगावात आपल्या किती घरांची चूल मागावर पेटते, हे तुम्ही जाणताच. मुलाचा हात मागाला लागला, की घरात चार पैसे लवकर येतात, हे खरे. परंतु त्याला दहावीपूर्वी शाळेतून काढू नका. माग चालवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. माग सुधारणारा आपल्याच घरातून निघू द्या.